गौतमी नावाचं कोणी

‘माझा पाय मुरगळलाय हे तुला कोणी सांगितलं?’

एवढंच वाक्य होतं. चंद्रकांतने ते हिंजवडीच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये, उपम्याचा पहिला घास तोंडात असताना वाचलं आणि घास तोंडातच राहिला. समोरचा सहकारी काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. चंद्रकांतने फोन उलटा करून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. वाक्य तसंच होतं. प्रश्न त्याच्या मुलीचा होता, पंधरा वर्षांच्या स्वरदाचा. पण तिने तो बापाला विचारला नव्हता. गौतमीला विचारला होता. गौतमी सोळा वर्षांची, नाशिकची, अकरावीत शिकणारी, स्वरदाची गेल्या आठ महिन्यांची जिवाभावाची मैत्रीण. आणि गौतमी नावाचं कोणी नव्हतं. ते अकाउंट चंद्रकांतचं होतं.

सकाळीच स्वरदा जिन्यावर पडली होती. घोटावड्यात घरमालक गेणबांच्या बंगल्याचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता, जिना बाहेरून होता आणि शेवटची पायरी जरा उंच. ऑफिसची गाडी रस्त्यावर हॉर्न देत होती. ‘बघून उतरायला काय होतं?’ एवढंच म्हणून तो गाडीत बसला होता. मागे वळून पाहिलं तेव्हा ती पायरीवर घोटा धरून बसली होती, आणि शारदा, त्याची बायको, वरून धावत येत होती. मग माण गावाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या, अर्धा तास काहीच हलेना, आणि त्याला त्या चार शब्दांचं वाईट वाटू लागलं. फोन करावा असं मनात आलं. पण फोन करून बोलायचं काय? शेवटी त्याने गौतमीचं अकाउंट उघडलं आणि लिहिलं, ‘पाय कसा आहे गं आता?’ बापाच्या तोंडून जे निघालं नाही ते गौतमीच्या नावाने किती सहज निघालं. लिहिल्यावर त्याला बरंही वाटलं. आपण काय केलं ते त्या वेळी लक्षात आलं नाही.

आता आलं. त्याने घाईघाईने लिहिलं, ‘तूच म्हणालीस ना काल.’ उत्तर लगेच आलं. ‘काल मी पडलेच नव्हते.’ त्याचा अंगठा तसाच अधांतरी राहिला. ‘आवाज रेकॉर्ड करून पाठव. आत्ताच्या आत्ता.’ ‘अगं, क्लासमध्ये आहे.’ ‘बाहेर ये मग.’ आणि मग थोड्या वेळाने, ‘तू कोण आहेस?’

तो उठला, ताट तसंच टाकून टॉयलेटमध्ये गेला, कडी लावली आणि अकाउंट कायमचं पुसून टाकलं. ॲपने दोनदा विचारलं, नक्की ना? दोन्ही वेळा त्याने हो म्हटलं. मग तोंडावर पाणी मारलं. आरशात पाहिलं तर केसांना कलप लावलेला, डोळ्यांखाली सूज असलेला सत्तेचाळीस वर्षांचा एक माणूस दिसला, आणि हा माणूस आठ महिने ‘अगं’, ‘बाई गं’, ‘सेम टू सेम’ असं लिहीत होता या विचाराने त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती, असं तो परतीच्या गाडीत स्वतःला सांगत राहिला. सांगताना ते वाक्य त्याला इतरांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत होतं. गेल्या जुलैत शाळेत पालकांची सभा झाली. दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीचे फोटो कुणीतरी मागून घेतले आणि मग पसरवले, ती मुलगी शाळेत यायची बंद झाली, असं कुजबुजत सगळ्यांना कळलेलं होतं. व्यासपीठावरून एक बाई सांगत होत्या, मुलांशी रोज बोला, ती अनोळखी माणसापासून सावध राहतात का बघा. सगळ्या पालकांनी माना हलवल्या. चंद्रकांतने घरी येऊन बोलायचा प्रयत्न केलाही. ‘काय चाललंय?’ ‘काही नाही.’ ‘फोनवर काय बघतेस?’ ‘असंच.’ याच्या पुढे कसं जायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याचे स्वतःचे वडील परभणीत पोस्टात होते. ते त्याच्याशी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, ते फक्त विचारत, आणि तो उत्तर देई. पण वीस वर्षं त्याने सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं होतं. एखादी गोष्ट पक्की आहे की नाही हे तिला विचारून कळत नाही. तिला खोटी माहिती द्यायची, आणि ती कुठे फसते ते बघायचं. मनातल्या मनात त्याने या सगळ्याला ‘टेस्ट’ असं नाव दिलं. एकाच संध्याकाळची गोष्ट, असं त्याला वाटलं. नाव गौतमी, वय सोळा, एक फोटो, थोडी फुलं, थोडी मांजरं. स्वरदाला रिक्वेस्ट पाठवली.

तिने ती घेतली नाही. चार दिवस तशीच पडून होती, मग नाकारली. म्हणजे टेस्ट पास. तिथे थांबायला हवं होतं. त्याने पुन्हा पाठवली. पुन्हा नकार. त्याला अभिमान वाटला असता तर बरं झालं असतं. पण गाडीच्या काचेला डोकं टेकवून आठवताना त्याला स्पष्ट दिसलं की तेव्हा त्याला राग आला होता. आत जाऊ देत नाही म्हणजे काय? त्याच आठवड्यात स्वरदाला पंधरा ऑगस्टच्या नाचातून काढलं. उंची जास्त, रांगेत विजोड दिसते म्हणून. हे तिने घरात कुणालाच नीट सांगितलं नाही, नुसतं ‘मला नाचायचंच नव्हतं’ म्हणाली. पण आतल्या खोलीत ती शारदाच्या कुशीत रडताना त्याने बाहेरून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी गौतमीने तिला निरोप पाठवला. ‘तू मला ओळखत नाहीस, पण तुझी चित्रं फार आवडतात. आज मूड नाहीये. मला डान्समधून काढलं. कारण काय, तर मी उंच आहे म्हणे.’ दोन तासांनी उत्तर आलं. ‘सेम. मलाही.’

सावध पोर होती ती. तिने दाराला कडी घातली होती. आणि घरातल्याच माणसाने, घरातच ऐकलेलं रडणं वापरून, ती कडी काढायला लावली. शाळेतल्या त्या बाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं, ही माणसं आधी दुखरी जागा शोधतात. चंद्रकांतने तेव्हा ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

मग ते थांबेना. तो स्वतःला सांगे, आता लक्ष ठेवायला सोपं झालं. पण लक्ष ठेवणारा माणूस संध्याकाळी पाच वाजल्यापासून फोनकडे असा बघत नाही. स्वरदा लिहायची आणि किती लिहायची. घरात दोन शब्दांवर न जाणारी मुलगी गौतमीला पानंच्या पानं लिही. गणिताची भीती. खालच्या साळूबाई आजींच्या गोठ्यातली नवी कालवड. आई चिडली की भांडी कशी बोलतात. एकदा तिने लिहिलं, ‘बाबा मला आवडतात. पण ते घरी असले की मला सारखं काहीतरी करत असल्यासारखं दाखवावं लागतं.’ आणि मग गौतमीने लिहिलं होतं, ‘तुझे बाबा चांगले वाटतात गं. दमत असतील बिचारे.’ ‘हो,’ स्वरदाने लिहिलं, ‘दमतात.’ भरल्या गाडीत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कशाचं होतं, हे आज त्याला आठवायचं नव्हतं.

आणि निषाद. वर्गातला एक मुलगा, पिरंगुटच्या क्लासला तिच्याच बॅचला. तो भूमितीत हुशार होता, तिला प्रमेयं समजावून सांगे, एकदा त्याने तिला चिंचेच्या गोळ्या दिल्या. एवढंच. गौतमीला एवढंच सांगितलं होतं. पंधरा दिवसांच्या आत चंद्रकांतने क्लासच्या सरांना फोन करून तिची बॅच बदलून घेतली. सकाळची वेळ बरी, घरी सांगितलं. त्या रात्री स्वरदा गौतमीकडेच रडली, आणि गौतमीने तिची समजूत काढली. ‘मोठ्या माणसांचं काहीतरी कारण असेल गं.’

गाडीतून उतरला तेव्हा ऊन कलतं होतं. मार्चचे दिवस, खाचरांत भाताची धसकटं वाळून पांढरी पडलेली, पलीकडच्या कारखान्याची शिफ्ट सुटलेली. वर पाहिलं तर त्यांच्या सगळ्या खिडक्या बंद. शारदा दारातच उभी होती. ‘आत या आधी,’ ती म्हणाली आणि तो आत येताच तिने कडी लावली. स्वरदा पलंगावर पाय पसरून बसली होती, घोट्याला पट्टी, चेहरा कागदासारखा.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही रागवा, पण आधी ऐकून घ्या.’

तिने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. कशी ओळख झाली, आपण काय काय लिहिलं, घराचा पत्ता दिला नव्हता पण कालवडीचा फोटो टाकला होता, त्यात मागे डोंगर दिसतो. ‘मी आज सकाळी पडले ते फक्त आपल्या तिघांना आणि खालच्यांना माहितीये. त्याने दहा वाजता विचारलं पाय कसा आहे. म्हणजे तो बघतो ना बाबा? म्हणजे तो इथे कुठेतरी आहे. मी विचारल्यावर अकाउंटच गेलं.’ ती ‘तो’ म्हणत होती. एका दिवसात गौतमीचा ‘तो’ झाला होता. ‘मी सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. शाळेत सांगितलं होतं, पुसायचं नाही, मोठ्यांना दाखवायचं.’

‘शहाणी आहेस,’ चंद्रकांत म्हणाला. आवाज घोगरा आला. शारदाला वाटलं राग आवरतोय.

‘उद्या पौडला जाऊ. पोलिसांत देऊ,’ शारदा म्हणाली. ‘आणि तुम्ही कम्प्युटरमधले. तुम्हाला काढता येईल की कोण आहे ते.’

त्याच क्षणी सांगता आलं असतं. दोघी त्याच्याकडे बघत होत्या. स्वरदाच्या नजरेत त्याच्यावरचा विश्वास होता, जो कित्येक महिन्यांत त्याने पाहिला नव्हता. आणि त्या नजरेलाच तो भुलला. ‘थांबा दोन दिवस,’ तो म्हणाला. ‘ऑफिसात सायबरची माणसं आहेत ओळखीची. मी बघतो. तू घाबरू नकोस.’ तिने मान हलवली आणि त्याचा हात धरला. तिचा हात गार होता. तिने धरला म्हणून त्यालाही तो तसाच धरून ठेवावा लागला.

दोन दिवसांचे चार झाले. तिचा पाय बरा झाला, पण ती खिडकी उघडेना. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाईना. न्हाणीघरात जाताना शारदाला दाराशी उभं करी. रस्त्यावरून टँकर गेला, मीटर बघणारा आला, कुणाचीतरी मोटारसायकल बंगल्यापुढे बंद पडली, की ती पडद्याच्या फटीतून बघे आणि वहीत वेळ लिहून ठेवी. उकाड्याने घर कोंदटलं होतं. चंद्रकांत ऑफिसातून येऊन सांगे, ‘चालू आहे, माहिती काढतायत.’ एकदा तर त्याने म्हटलं, ‘बहुतेक परदेशातलं अकाउंट होतं, इथलं कुणी नाही.’ तिने शांतपणे विचारलं, ‘मग त्याला माझा पाय कसा दिसला?’

पाचव्या दिवशी सकाळी तो खाली उतरला तर साळूबाई, गेणबांची बायको, कोपऱ्यावरून परत येत होत्या. नेसूचं खोचलेलं, हातात कोयता.

‘गवताला गेला होता का?’ त्याने विचारलं.

‘कशाचं गवात, सायेब. पोरीला शाळंच्या गाडीत बसवून आले. भेतीया लई. परवा मला म्हनली, आजी फाट्यापत्तुर येता का? म्हनलं, का गं? मंग सांगितलं तिनं समदं.’ त्यांनी कोयता उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. ‘कोन हाय त्यो मुडदा, कळू द्या निस्तं. लेकराच्या मनात शिरतो आन् वर तिच्यावर पाळत ठिवतो. हितं येऊ द्या त्येला. त्येची बोटंच तोडती बगा, परत लिव्हायचा न्हाई.’

तो हसला. हसायलाच हवं होतं असं नाही, पण चेहऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. साळूबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. गाडीत बसल्यावर त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि कितीतरी वेळ त्या बोटांकडे बघत राहिला. सत्तरीची बाई रोज सकाळी त्याच्या मुलीबरोबर फाट्यापर्यंत चालत होती, त्याच्यापासून तिला वाचवायला. आज सांगायचं, त्याने ठरवलं. दुपारपर्यंत वाक्यं जुळवली. ‘तुझ्या काळजीपोटी’ हे शब्द प्रत्येक वाक्यात येत होते. ते काढले की वाक्य उरत नव्हतं. संध्याकाळी गाडी वेळेवर सुटली. सांगण्याआधी शारदाला बाजूला घ्यावं का, या विचारात तो उतरला, आणि अंगणात ओरडा ऐकू आला.

गेणबांच्या मुलाने, राजूने, एका माणसाची कॉलर धरली होती. गेणबा काठी टेकत शेजारी. मागच्या खोल्यांत भाड्याने राहणारा अनिमेष, कारखान्यात मशिनवर काम करणारा, तिशीचा, बंगालकडचा. तो रोज संध्याकाळी समोरच्या दगडी गडग्यावर बसून घरी व्हिडिओ कॉल करायचा. चंद्रकांतनेही त्याला कितीदा पाहिलं होतं. स्वरदाच्या वहीत त्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या. वर जिन्यात शारदा उभी, आणि तिच्या मागे स्वरदा, ओठ दाताखाली दाबून.

‘फोन दाव,’ राजू म्हणत होता. ‘रोज हितंच का बसतो रं? वरच्या खिडकीकडं तोंड करून?’

‘भैया, नेटवर्क इधर ही आता है. कमरे में नहीं आता. बेटी से बात करता हूँ, देख लो...’

‘तुलाबी पोरगी हाय आन् हे धंदं करतो?’ राजूने हिसका दिला. शर्टाचं बटण तुटून उडालं, फोन हातातून निसटून मातीत पडला. अनिमेष तो उचलायला वाकला तेव्हा राजूने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. फार जोराचा नव्हता. पण त्याचा आवाज आला, आणि चंद्रकांतला वाटलं तो आपल्या पाठीतून आला.

‘सोडा त्याला,’ तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. तो जवळ गेला आणि त्याने राजूचा हात धरला. ‘राजू, सोड. तो नाही. मी आहे.’

‘तुमी व्हा बाजूला, सायेब. तुमच्याच पोरीचं हाय, आमाला कळतंय.’

‘मी आहे म्हणतोय ना. ती गौतमी. ते अकाउंट माझं होतं. मीच लिहीत होतो तिला. पहिल्यापासून.’

जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. काळजीचा शब्दही आला नाही. राजूचा हात हळूहळू सैल झाला. गेणबांना नीट कळलं नसावं, ते ‘काय म्हनतायत?’ असं साळूबाईंना विचारत होते. त्या गोठ्याच्या दारात होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, ‘म्हंजी म्या तुमच्यासाठनं कोयता घिऊन हिंडत हुते व्हय?’ आणि वळून आत गेल्या. अनिमेषने फोन शर्टाला पुसला. काच तडकली होती. चंद्रकांत त्याच्यापुढे हात जोडून ‘मुझे माफ करना’ म्हणाला तेव्हा तो म्हणाला, ‘कोई बात नहीं, साहब,’ आणि उघडा पडलेला गळा एका हाताने झाकत मागे निघून गेला. त्यानंतर तो गडग्यावर कधी बसला नाही. कुठे बसून बोलतो कोण जाणे.

जिन्याकडे बघायला चंद्रकांतला वेळ लागला. शारदा पायरीवर खाली बसली होती, पदराने तोंड दाबून. स्वरदा उभीच होती.

‘म्हणजे बाहेर कोणी नाहीये?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘नक्की? कोणीच नाही?’

‘कोणीच नाही. मीच होतो.’

तिने श्वास सोडला. खालपर्यंत ऐकू आला. खांदे उतरले, चेहऱ्यावर रंग परतला. क्षणभर ती अगदी लहान दिसली. मग ती आत गेली आणि एकामागून एक खिडक्या उघडल्याचे आवाज आले. त्या संध्याकाळी ती सात वाजताच झोपली, जेवायला उठली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी झोपलेली होती. आपल्या कबुलीने तिला झोप लागली, एवढं एक चंद्रकांतने धरून ठेवलं. बाकी धरण्यासारखं काही नव्हतं. शारदा त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढत होती, पाणी ठेवत होती, आणि तिची भांडी मुळीच वाजत नव्हती. एकदाच ती म्हणाली, ‘पाच दिवस ती माझ्याजवळ थरथरत झोपायची. तुम्ही पलीकडे झोपलेले असायचात.’

स्वरदा रविवारी बोलली. जेवणं झाल्यावर समोर येऊन बसली, वही घेऊन. रडली नाही, ओरडली नाही. त्याने मनाची तयारी केली होती ती ओरडण्याची होती.

‘क्लासची बॅच तुम्ही त्यामुळे बदलली?’

‘हो.’

‘आणि मी रडले तेव्हा समजावलं पण तुम्हीच.’

‘हो.’

‘डान्सचं तुम्ही बाहेरून ऐकलं होतं.’

त्याने मान हलवली. तिने वहीचं पान उलटलं. मग एकदम तिला काहीतरी आठवलं आणि ती त्याच्याकडे बघू लागली, रागाने नाही, जवळजवळ कीव आल्यासारखी. ‘बाबा, तुम्ही स्वतःलाच चांगले म्हणालात? तुझे बाबा चांगले वाटतात म्हणून? मी ते वाचून त्या दिवशी तुम्हाला चहा करून दिला होता.’

चहा त्याला आठवत होता. आलं जास्त झालं होतं, असं तो म्हणाला होता. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही. त्याला वाटलं, ही बसली आहे तोवर आपण इथून हलायचं नाही, ती विचारेल त्याला हो म्हणायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

‘तो फोटो कुणाचा होता?’ तिने विचारलं.

‘कोणता?’

‘गौतमीचा. ती मुलगी कोण आहे?’

आणि तेव्हा चंद्रकांतच्या लक्षात आलं की या सगळ्या दिवसांत, इतक्या वेळा स्वतःला दूषणं देताना, आपण या मुलीचा एकदाही विचार केला नव्हता. परभणीचा कैलास, होस्टेलमधला त्याचा खोलीसोबती, आता जिंतूरला शाळेत मास्तर. त्याने भाच्याच्या लग्नाचे फोटो टाकले होते. त्यात कैलासची मुलगी सायली होती. अर्धा चेहरा दिसत होता, ओळखू येणार नाही असा, म्हणून तो घेतला, कडेचं कापलं. त्याला त्यात काही वाटलंच नव्हतं. वस्तू घ्यावी तसा घेतला होता. मुलगी कोण, ते त्याने स्वरदाला सांगितलं.

‘तिला माहितीये?’

‘नाही.’

‘मग सांगा तिला.’

त्याने फोन लावला. स्वरदाने स्पीकर चालू करायला सांगितलं. कैलास खुशीत होता, किती वर्षांनी आठवण झाली म्हणत होता. चंद्रकांतने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. पलीकडे कैलास हसला. ‘आरं मग काय झालं? पोरीच्या काळजीनंच केलंस ना? तू काय परका हायेस का? सोड की.’ चंद्रकांतच्या अंगातून काहीतरी सैल होत गेलं. एवढं सोपं होतं तर. त्याने ‘बरं मग’ म्हणून फोन ठेवायला बोट पुढे केलं, आणि स्वरदा वाकून म्हणाली, ‘काका, ताईला द्या ना फोन.’

कुणीतरी हाक मारली, चपला वाजल्या, दाराचा आवाज झाला. ‘हां काका, बोला.’ आठ महिने त्याने हा चेहरा वापरला होता आणि आवाज आज पहिल्यांदा ऐकला. जाड, मोकळा आवाज होता. गौतमीचा असा मुळीच नव्हता. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

‘कोणता फोटो?’ तिने मग विचारलं.

त्याला वर्णन करावं लागलं. पिवळा ड्रेस. केसांत अबोली, एका बाजूला. मान खाली, हातात कसलीतरी वाटी. डाव्या कानात डूल दिसतो. बोलता बोलता त्याला ऐकू येऊ लागलं की एक पुरुष एका मुलीच्या कानातलं, केसांतलं सांगतो आहे, आणि त्याची स्वतःची मुलगी समोर बसून ऐकते आहे. तो थांबला.

‘वाटी नव्हती. अक्षता होत्या,’ सायली म्हणाली. ‘काय काय बोललात त्याच्यावरून?’

‘तुझं नाव नव्हतं कुठे. नाव वेगळं होतं.’

‘पण तोंड तर माझंच होतं ना, काका?’

‘हो,’ चंद्रकांत म्हणाला.

‘पप्पांनी सोड म्हणून चालत नसतंय मग. मला विचारलं का कुणी?’

‘नाही विचारलं. चूक झाली.’ आणि हे पुरेसं नाही असं वाटून, ‘चूक नाही. मी केलं ते.’

स्वरदाने हात पुढे केला. त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला. ‘हॅलो, ताई? मी स्वरदा,’ असं म्हणत ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग स्वरदाचा आवाज, हळू. मग थांबणं. मग पुन्हा, जरा जास्त वेळ. शब्द कळत नव्हते. चंद्रकांत खुर्चीत पुढे झुकला, आणि आपण झुकलो आहोत हे त्याला कळलं. आत स्वरदा काहीतरी म्हणाली आणि रडू लागली, किंवा हसली असेल. बाहेरून सांगता येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून शारदा त्याच्याकडे बघत होती. तो उठला. चपला घातल्या, जिना उतरला, अंगण ओलांडलं. साळूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. तो गडग्यापर्यंत गेला. तिथेही वरच्या खिडकीतून आवाज येत होता, सगळ्या खिडक्या उघड्याच होत्या. मग तो खाचरात उतरला आणि धसकटांतून चालत राहिला, काहीच ऐकू येणार नाही इतका लांब.